लाल की हिरवी, आणि त्यात मैदा आहे का?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू, बार्ली, रायमधल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होणारा आजार, आणि तरी आमच्या न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या घरात एन्चिलाडा (मक्याच्या टॉर्टिया म्हणजे पातळ पोळ्या, मिरचीचा सॉस आणि चीज), पोसोले (चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या दाण्यांचा रस्सा), टॅमाले (मक्याच्या पानात उकडलेलं मक्याचं पीठ) सगळं होतं, फक्त गव्हाशिवाय. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि टेक्सासमधल्या आपल्या लोकांची पत्रं जास्त आहेत, काही फिरायला येणाऱ्यांचीही आहेत. तेच तेच प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, चार महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याला सिलिॲक निघाला. दहा वर्षं आम्ही सांता फेला आहोत आणि ग्रीन चिली, म्हणजे इथला हिरव्या मिरचीचा सॉस, हा त्याचा जीव की प्राण. डॉक्टरांनी गहू, बार्ली, राय बंद सांगितलं. मला वाटलं मिरचीत कुठला आलाय गहू, पण बाहेर एन्चिलाडा खाल्ला की त्रास होतोच. घरी करते तर ती पाणचट होते. काय चुकतंय? (सांता फेहून एक वाचक)

मिरचीत गहू नसतो हे अगदी खरं, पण मिरचीच्या सॉसला दाटपणा येण्यासाठी बऱ्याच ठिकाणी आधी तेलात नाहीतर लार्डमध्ये (डुकराच्या चरबीत) मैदा परततात आणि मग त्यात मिरची आणि पाणी घालतात, गहू तिथून येतो. खाताना कळत नाही, दिसतही नाही. एन्चिलाडाची टॉर्टिया मक्याचीच असते त्यामुळे माणूस निर्धास्त खातो आणि दोन तासांनी पोट धरून बसतो. लाल चिलीचंही तेच, आणि डब्यातला एन्चिलाडा सॉस घेत असाल तर आधी मागचं लेबल वाचा, त्यातही गव्हाचं पीठ बऱ्याचदा असतं.

आता घरची पद्धत. हिरवीसाठी भाजलेली, सोललेली, चिरलेली दोन वाट्या मिरची घ्या. तेलात कांदा आणि लसूण चांगला मऊ होऊ द्या, लाल करू नका, मग मिरची घालून पाचेक मिनिटं परता, दीड ते दोन वाट्या पाणी किंवा स्टॉक घाला (स्टॉकच्या वड्यांमध्येही कधीकधी गहू नाहीतर बार्ली असते, तेव्हा तेही लेबल बघूनच). उकळी आली की एक चमचा मासा हरिना थंड पाण्यात गुठळी न होता कालवून त्यात सोडा आणि मंद गॅसवर दहा मिनिटं ठेवा. मासा हरिना म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. दाटपणा तर येतोच पण टॉर्टियाचा तो खमंग वासही सॉसला लागतो, आणि मला विचाराल तर मैद्यापेक्षा हे जास्त चांगलं लागतं, हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये, आमच्याकडे सिलिॲक नसलेली माणसंही आता हेच मागतात. कॉर्नस्टार्चनेही होतं पण त्याला एक चिकट चकाकी येते जी चिलीला शोभत नाही.

ग्रीन चिली स्ट्यू करत असाल तर तेवढंही नको. बटाटे शिजले की चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला घेऊन पळीच्या पाठीने ठेचायच्या आणि परत रश्श्यात मिसळायच्या, आपण बटाट्याच्या रस्साभाजीला करतो तसंच. रस्सा मस्त मिळून येतो.

लाल चिलीला तर खरं म्हणजे काहीच लागत नाही. वाळलेल्या दहा-बारा न्यू मेक्सिको लाल मिरच्या घ्या, देठं आणि बिया काढा, धुवा, कढत पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, लसूण, मीठ आणि थोडा ओरेगॅनो घालून मिक्सरला अगदी गंधासारखं वाटा आणि गाळून घ्या. हा गाळलेला सॉस मंद उकळला की आपोआप दाट होतो कारण मिरचीचा गरच तेवढा असतो. जिथे मिरची पावडरची असते आणि कमी असते तिथे मैदा लागतो. चिमायो या इथल्या गावची मिरची मिळाली तर एकदा तिची करून बघा, तिची चव जराशी गोडसर आणि मातकट असते, खूप वेगळी.

आणि मिरची एकदाच वर्षाची भरून ठेवा. ऑगस्ट संपत आला की इथे दुकानांच्या पार्किंगमध्ये जाळीचे मोठे पिंप येतात, खाली गॅसची ज्वाळा, पोतंभर हॅच मिरची (हॅच हे न्यू मेक्सिकोतलं मिरचीचं गाव) आत ओततात आणि पिंप गरागरा फिरवतात, चटचट आवाज येतो, सालं काळी होऊन जाळीतून उडतात आणि सगळ्या रस्त्याला तो वास. २०२३ मध्ये न्यू मेक्सिकोने भाजलेल्या हिरव्या मिरचीच्या वासाला राज्याचा अधिकृत सुगंध म्हणून मान्यता दिली, आणि ज्याने तो वास घेतलाय त्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. गरम मिरच्या पिशवीत बांधून देतात, त्या घरी येईपर्यंत वाफेने घामेजतात आणि साल बोटाने ओढलं की सुटतं. हातमोजे घालाच. नळाखाली धरून सोलू नका, भाजल्याची चव पाण्याबरोबर जाते. मग छोट्या छोट्या पिशव्या करून फ्रीझर.

प्रश्न : मला ज्वारीची भाकरी उत्तम येते, पण मक्याच्या टॉर्टिया काही केल्या जमत नाहीत. इंडियन स्टोअरमधून मक्याचं पीठ आणलं, गरम पाण्याने मळलं, तरी कडा फुटतात आणि गुंडाळली की तुकडे. मुलाला ग्लुटेन चालत नाही त्यामुळे शिकायचंच आहे. (डॅलसहून एक आई)

तुमचा हात चांगलाच आहे, पीठ चुकलंय. साध्या मक्याच्या पिठाची मक्के की रोटी होईल, टॉर्टिया होणार नाही, कॉर्नमीलची तर नाहीच नाही. टॉर्टियासाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग चोळून साल काढून दळतात. याला निक्स्टामल करणं म्हणतात आणि मेक्सिकोपासून ते इथपर्यंत ही पद्धत फार फार जुनी आहे. चुना म्हणजे आपण विड्याच्या पानाला लावतो तोच. त्याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे मक्याला धरून ठेवणारा चिकटपणा येतो जो गव्हात ग्लुटेनमुळे असतो, आणि दुसरं म्हणजे मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. ज्या देशांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही तिथे फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, व्हायचा. ज्या बायकांनी हे पहिल्यांदा शोधून काढलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तर पाकिटावर मासा हरिना लिहिलेलं पीठ आणा आणि त्यावर ग्लुटेन-फ्री आहे का तेही बघा. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि मीठ. उकड काढायची गरज नाही, नुसतं मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं. लिंबाएवढा गोळा घ्या, तळहाताने थोडा दाबा, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून परत मळा, तळहाताला चिकटला तर पाणी जास्त झालंय, थोडं पीठ मिसळा. झिपलॉकची पिशवी दोन्ही बाजूंनी कापून तिच्या दोन पानांमध्ये गोळा ठेवून प्रेसमध्ये दाबायचा, प्रेस नसेल तर जड तळाच्या पातेल्याने दाबा. थापू नका, भाकरीची सवय असल्याने हात शिवशिवतो पण त्याने एकसारखी होत नाही. तवा चांगला तापलेला. पहिली बाजू वीस-तीस सेकंद, उलटा, दुसरी बाजू पाऊण ते एक मिनिट, परत उलटा आणि बोटांच्या टोकांनी मधोमध हलकेच दाबा, टम्म फुगली की झालं.

तव्यावरून उचलल्या उचलल्या ती कडकच वाटते, तेव्हाच गुंडाळायला गेलात तर मोडते. टोपलीत जाड फडक्यात एकावर एक ठेवून दहा मिनिटं झाकून ठेवा, वाफेत ती मऊ होते. तुमचे निम्मे तुकडे बहुतेक याच घाईचे असणार.

आणि एक गोष्ट जी आपल्या घरांत हमखास राहून जाते. आपल्याकडे रोज पोळ्या होतात. ज्या तव्यावर पोळ्या भाजल्या त्याच तव्यावर मुलाची टॉर्टिया टाकली तर ग्लुटेन-फ्री पीठ आणून उपयोग काय? तवा वेगळा, टोपली आणि फडकं वेगळं, पोळपाट-लाटणं तर वेगळंच, तुपाचं भांडंही वेगळं कारण पोळीला लावलेला चमचा परत तुपात जातो. कणीक चाळताना पीठ उडतं ते ओट्यावर बसतं, म्हणून आधी मुलाचं करून झाकून ठेवायचं आणि मग पोळ्या. आम्ही वर्षभर असं केलं आणि मग घरात गहू आणणंच बंद केलं, ते फार सोपं पडलं.

विकतच्या टॉर्टिया घेताना नुसतं कॉर्न शब्दावर जाऊ नका, मका आणि गहू मिसळलेल्याही असतात.

प्रश्न : फ्रिटो पाय (मक्याच्या चिप्सवर चिली) चालतो का? ऑफिसमध्ये दर महिन्याला असतो. (एल पासोहून)

चिप्स मका, तेल आणि मिठाच्या असतात, त्यांची अडचण नाही. अडचण वरच्या चिलीची. मैदा घातलाय का, मसाल्याचं तयार पाकीट वापरलंय का, बिअर ओतली आहे का (ती बार्लीची असते), हे तीन विचारा. टेक्सासमधली जुन्या पद्धतीची चिली म्हणजे मांस आणि मिरची, दाटपणाला मासा हरिना, बीन्सही नाहीत, अशी असेल तर चालेल. मी तुमच्या जागी असते तर चिली करायची जबाबदारी स्वतःकडे घेतली असती.

प्रश्न : स्प्रिंग ब्रेकला आम्ही फिनिक्सहून निघून ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली करत सांता फेपर्यंत ड्राइव्ह करणार आहोत. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला सिलिॲक आहे, शिवाय भारतातून आई आलीये ती पूर्ण शाकाहारी. लोक म्हणतात एवढं कशाला टेन्शन, सँडविच बांधून न्या. पण मला मुलाला तिकडचं खायला घालायचंय हो, त्याने फक्त काचेतून बघायचं का? (फिनिक्सहून एक बाबा)

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला माझ्या मुलीची आठवण आली. ती सात वर्षांची असताना आम्ही असेच फिरायला गेलो होतो, रस्त्यावरच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये मी विचारलं एन्चिलाडाची टॉर्टिया मक्याची आहे ना, ते म्हणाले हो, अगदी घरी केलेली आहे. मी सॉसचं विचारलंच नाही. दीड तासाने हायवेच्या कडेला गाडी थांबवून ती उलट्या करत होती, मी तिचे केस मागे धरून उभी, बाजूने ट्रक जातायत, आणि ती मलाच म्हणते, आई तू विचारलं होतंस ना. विचारलं होतं, पण अर्धंच. त्या दिवसापासून माझे प्रश्न ठरलेले आहेत आणि तेच तुम्हाला देते.

सगळ्यात आधी, सॉसमध्ये, स्ट्यूमध्ये, बीन्समध्ये दाटपणासाठी पीठ आहे का. मग, चिप्स आणि टॉर्टिया ज्या तेलात तळता त्याच तेलात सोपापिया (मैद्याची फुगलेली पुरी), चिमिचांगा (मैद्याच्या टॉर्टियात सारण गुंडाळून तळलेली) किंवा पिठात घोळवलेलं काही तळता का, कारण तेल एकच असेल तर मक्याच्या चिप्सही बाद. आणि मक्याची टॉर्टिया ज्या तव्यावर गरम करता त्यावर मैद्याच्या टॉर्टियाही टाकता का, असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून किंवा वाफेवर किंवा स्वच्छ पॅनमध्ये गरम करून द्याल का. हे वाढणाऱ्याला नाही तर शक्य असेल तर आतल्या माणसाला विचारायचं, आणि गर्दीच्या वेळी नाही, अकरा-साडेअकराला नाहीतर दुपारी तीनच्या सुमारास जायचं, तेव्हा त्यांना आत जाऊन डबा उघडून लेबल वाचायला वेळ असतो. उत्तर देताना कुणी खांदे उडवले तर उठून निघायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही.

स्वयंपाकघरात स्पॅनिश चालत असेल तर एवढं पाठ करा : तिएने आरीना दे त्रीगो? म्हणजे यात गव्हाचं पीठ आहे का. नुसतं आरीना म्हणू नका, त्रीगो म्हणजे गहू हे म्हणाच, कारण पीठ मक्याचंही असतं. टॉर्टिया मागताना दे माईस म्हणजे मक्याची, दे आरीना म्हणजे मैद्याची.

आता भागाप्रमाणे. ॲरिझोनात, खास करून दक्षिणेकडे, गव्हाचं प्रस्थ जास्त आहे कारण सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याची खाण्याची पद्धत तिथे आहे, मोठ्या पातळ मैद्याच्या टॉर्टिया, चीज क्रिस्प, चिमिचांगा. हे सगळं मुलासाठी नाही, तिथे मक्याचे स्ट्रीट टॅको बघा. ग्रिल केलेल्या मांसाच्या मॅरिनेडमध्ये सोया सॉस आहे का तेही विचारा, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर खाण्याच्या जागा कमी आणि गर्दी फार, तिथे मात्र तुमचं स्वतःचं असू द्या.

मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना सगळीकडे नाव्हाहो (इथले मूळ रहिवासी) टॅकोच्या पाट्या दिसतील. त्यात खाली फ्रायब्रेड असतो, म्हणजे मैद्याची तळलेली जाड पुरी, ती चालणार नाही. मुलाला हे सांगताना नुसतं नाही म्हणू नका, त्यामागची गोष्टही सांगा : १८६४ मध्ये नाव्हाहो लोकांना सैन्याने त्यांच्या जमिनीवरून हाकलून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोला नेलं, १८६८ पर्यंत तिथे डांबून ठेवलं आणि रेशनमध्ये मैदा, लार्ड, साखर दिली, त्यातून फ्रायब्रेड आला. त्यांचं त्याआधीचं धान्य मका होतं आणि ते तुमच्या मुलाला चालतं. निळ्या मक्याची लापशी जुनिपर झाडाची राख घालून करतात, आपल्या नाचणीच्या आंबिलीची आठवण होईल अशी. ओला मका वाटून, मक्याच्याच पानात गुंडाळून भाजलेला नीलडाउन ब्रेड मिळाला तर नक्की घ्या. फक्त निळ्या मक्याचे पॅनकेक असं वाचून ऑर्डर देऊ नका, त्यात बहुतेक वेळा मैदाही असतो.

आणि वेळेची एक गंमत ध्यानात ठेवा. ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलत नाही पण नाव्हाहो नेशन, म्हणजे नाव्हाहोंचा स्वतःचा प्रदेश, बदलतं, त्यामुळे मार्चच्या मध्यानंतर तुम्ही हद्द ओलांडली की एक तास पुढे. आम्ही एकदा आठ वाजेपर्यंत उघडं असेल म्हणून पोचलो तर त्यांचे नऊ वाजले होते. भुकेल्या मुलाबरोबर हे नको.

न्यू मेक्सिकोत शिरलात की विचारतील, रेड ऑर ग्रीन, आणि दोन्ही हवं तर म्हणायचं ख्रिसमस. मुलाला ऑर्डर द्यायला लावा, मुलांना फार आवडतं ते. पण त्याआधी मैद्याचा प्रश्न तुम्ही. कितीतरी ठिकाणी लाल चिली मैद्याशिवाय असते आणि हिरवीत असतो किंवा उलट, त्यामुळे दोन्हींचं वेगवेगळं विचारा. आईंसाठी कालाबासितास बघा, दुधी-कोवळ्या भोपळ्याच्या जातीची भाजी, मक्याचे दाणे, हिरवी मिरची आणि चीज, त्यात सहसा पीठ नसतं आणि मुलगाही खाईल. बीन्समध्ये बऱ्याचदा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, लाल चिलीतही मांसाचा स्टॉक असू शकतो, आणि टॅमाले नुसत्या चीज-मिरचीची असली तरी तिच्या पिठात बहुतेक वेळा लार्ड असतो, आईंसाठी हे तिन्ही विचारा. चिली रेयेनोला (चीज भरून तळलेली मिरची) अंड्याचं आवरण असतं आणि त्यात बऱ्याचदा मैदा, तो दोघांसाठीही नको.

बरोबर काय न्यायचं : एक छोटा तवा, छोटा राइस कुकर, तुमच्या खात्रीच्या मक्याच्या टॉर्टिया, बीन्सचे डबे आणि घरची लाल चिली बर्फाच्या कूलरमध्ये. मोटेलच्या खोलीत एन्चिलाडा करता येतो, न्यू मेक्सिकोत तो बऱ्याचदा गुंडाळत नाहीत, टॉर्टिया, सॉस, चीज, परत टॉर्टिया असा थर लावतात आणि वर तळलेलं अंडं. आम्ही असं मोटेलच्या पलंगावर टॉवेल पसरून जेवलोय आणि मुलगी अजून त्या जेवणाचं नाव काढते.

प्रश्न : पिंटो बीन्सना मी आपली जिरं-हिंगाची फोडणी देते, सगळ्यांना आवडतात. पण मैत्रीण म्हणाली हिंगातही गहू असतो. खरं आहे का? आणि इथे बीन्स दोन-दोन तास शिजत का नाहीत? (लॉस अलामोसहून)

मैत्रिणीचं खरं आहे. डबीतला हिंग शुद्ध नसतो, तो पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा आणि जुनी डबी देऊन टाका. या देशात पाकीटबंद पदार्थांवर गहू असेल तर लिहावंच लागतं, २००६ पासून तसा नियम आहे, पण बार्ली आणि रायला तो नियम नाही म्हणून माल्ट हा शब्द वेगळा शोधा, माल्ट सहसा बार्लीचा असतो. ग्लुटेन-फ्री लिहिलं असेल तर ग्लुटेन २० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत २० भाग) कमी असायला लागतं.

बीन्स न शिजण्याचं कारण तुमच्या गावाची उंची. सात हजार फुटांवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे कितीही वेळ खळखळलं तरी उष्णता तेवढीच. रात्री भिजवा आणि आपला कुकर काढा. ॲरिझोनाला कधी गेलात तर टेपरी बीन्स आणा, टोहोनो ओ'ओधम लोकांचं वाळवंटातलं कडधान्य, मटकीसारखं चिवट आणि कमी पाण्यावर येणारं, चवीला गोडसर. फोडणी न देता नुसतं मीठ आणि चिल्टेपिन मिरचीबरोबर खाऊन बघा.

प्रश्न : मोठ्याला सिलिॲक आहे. सासूबाई म्हणतात थोडंसं खाल्लं तर काय होतंय, सणाचा दिवस आहे. रोज वाद नको वाटतो. आणि धाकट्यालाही काढून टाकू का गहू, म्हणजे एकदाच सगळ्यांचं होईल? (ह्यूस्टनहून)

थोडंसं नाही चालत. सिलिॲक ही ॲलर्जी किंवा नुसतं पथ्य नाही, गव्हातल्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं आणि अन्न शोषून घेणारे बारीक तंतू झिजतात, आणि कधीकधी बाहेरून काही त्रास दिसत नसतानाही ते आत चालू असतं. सासूबाईंना हे भांडणात सांगू नका, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या, डॉक्टरांकडून ऐकू दे. आणि टॅमाले करायला बसवा. मक्याची पानं भिजवणं, पीठ फासणं, दुमडणं, उकडणं, हे आपल्या पातोळ्यांच्या इतकं जवळचं आहे की ज्यांनी आयुष्यभर हळदीच्या पानात पातोळे केलेत त्यांचा हात त्यात लगेच बसतो. माझ्या सासूबाई पूर्वी तुमच्यासारखंच म्हणायच्या, आता नातीचं पान वाढताना त्याच चमचा बदलतात.

धाकट्याचा गहू आत्ता काढू नका. आधी त्याची रक्ततपासणी करा, सख्ख्या भावंडांची करायलाच हवी, आणि तपासणीआधी गहू बंद केला तर ती खोटीच नॉर्मल येऊ शकते.

प्रश्न : भाजलेली हिरवी मिरची विमानातून न्यू जर्सीला नेता येईल का?

हो. दगडासारखी गोठलेली असू दे, बर्फाचे पॅकही पूर्ण गोठलेले हवेत, वितळून पाणी सुटलेलं असलं तर तपासणीला अडवतात. बाटलीतला साल्सा मात्र हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर नाही, तो चेक-इनमध्ये.

प्रश्न : डिसेंबरमध्ये शाळेत सगळी मुलं बिस्कोचितो (अनीस-दालचिनीच्या कुकी) आणतात, माझी मुलगी नुसती बघते. गव्हाशिवाय होतात का? (लास क्रुसेसहून)

होतात, आणि मुलीच्या डब्यात चार जास्तच द्या, वाटायला. बिस्कोचितो १९८९ पासून न्यू मेक्सिकोची अधिकृत कुकी आहे, बघत बसायची वेळ कुणावर येऊ नये. मी ज्वारीचं पीठ एक वाटी, तांदळाचं एक वाटी, टॅपिओका स्टार्च अर्धी वाटी असं घेते, ज्वारीच्या पिठावरही ग्लुटेन-फ्री लिहिलेलं हवं कारण गिरणीत गहूही दळलेला असू शकतो. यात पाव चमचा झँथन गम (ग्लुटेनच्या जागी पीठ धरून ठेवायला), बेकिंग पावडर, चिमूट मीठ. लार्ड किंवा लोणी पाऊण वाटी आणि साखर अर्ध्या वाटीपेक्षा थोडी जास्त, हे दोन्ही पांढरं हलकं होईपर्यंत फेसा, एक अंडं, दोन चमचे अनीस (बडीशेपेसारखं बी) जरा भरड कुटून आणि संत्र्याचा रस लागेल तसा. अनीसच्या जागी आपली बडीशेप चालते पण वास थोडा सौम्य येतो. पीठ फ्रिजमध्ये किमान एक तास, नाहीतर कापताना पसरतं. जाडसर लाटा, पाव इंचाला थोडी कमी, ३५० फॅरनहाइटला दहा-बारा मिनिटं, कडा नुसत्या पिवळसर झाल्या की काढा. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, लगेच उचलल्या तर मोडतात, आणि कोमट असतानाच दालचिनी-साखरेत दोन्ही बाजूंनी घोळवा, पूर्ण गार झाल्यावर साखर चिकटत नाही.